एकेचाळीस दगडांचं दुकान

आमच्या गावच्या दुकानाच्या भिंतीत दगड पुष्कळ आहेत, पण मोजायचे ते एकेचाळीस. ज्या वर्षी सोसायटी उभी राहिली, त्या वर्षी दर घराने ओहोटीच्या वेळी खडकावर जाऊन एक पांढरा दगड फोडून आणला आणि आपल्या हाताने भिंतीत बसवला. नाव कुणी कोरलं नाही. गरजही नव्हती. माझा दगड दाराच्या डाव्या हाताला, तिसऱ्या थरात आहे; त्यात शिंपल्याचा अर्धा ठसा उमटलेला आहे. म्हाताऱ्या बाउरोचा खिडकीखाली आहे, त्याच्यासारखाच जाडजूड आणि एका बाजूला कललेला. आणि नेई मारेताचा दगड म्हणजे उंबरा; आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने नेई लावतात. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, "बाई, भिंतीत लाव, उंबऱ्यावर जो तो पाय देईल." ती म्हणाली, "पाय द्यायलाच ठेवलाय."

त्या उंबऱ्यावर बसून ती एकोणीस वर्षं दुकान चालवत आली. ठेंगण्या बांध्याची, रुंद पावलांची बाई. चालताना वाळूवर असे ठसे उमटायचे की माणूस न बघता सांगावं, मारेता गेली म्हणून. गळ्यात काथ्याची दोरी आणि दोरीला दुकानाची किल्ली. समुद्रात उतरली तरी किल्ली गळ्यात, चर्चमध्ये गुडघे टेकले तरी किल्ली गळ्यात. दोरी तिने स्वतः मांडीवर वळलेली होती. झिजली की जुनीवरूनच नवी वळायची.

आमच्याकडे नात्यातल्या माणसाने समोर उभं राहून मागितलं की द्यायचं. होडी मागितली तर होडी, अंगातला सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणं ही माणूस असण्यातली उणीव. आज तू माझ्याकडे मागशील, परवा मी तुझ्याकडे मागेन. या देण्यामागण्यावर हे एवढंसं बेट समुद्राच्या मधोमध तरलेलं आहे, असं आमची जुनी माणसं सांगतात आणि खरंच सांगतात. पण या चालीपुढे दुकान कसं टिकायचं, हे कुणी सांगत नाही.

गावात पहिलं दुकान काढलं ते मारेताच्या बापाने, नाउआनने. चौदा महिने चाललं. नाउआन देवमाणूस होता. मेहुणा आला, पिठाचं पोतं दिलं. चुलतभाऊ आला, गळ आणि दोरा दिला. पंधराव्या महिन्यात फळीवर एक काडेपेटी आणि एक पाल उरली. पुढे तो वारला तेव्हा सारं बेट लोटलं होतं, बायका रडत होत्या, "असा दाता पुन्हा होणे नाही." मारेता तेव्हा बारा वर्षांची. ती बापाच्या उशाशी बसून होती आणि तिच्या मनात एकच होतं: या सगळ्यांनी मिळून बाबांचं दुकान खाल्लं, आणि यांच्यातल्या एकालाही ते ठाऊक नाही. मला हे तिने स्वतः सांगितलं, कित्येक वर्षांनी, खोबरं वाळवता वाळवता. राग नव्हता तिच्या आवाजात. "खाताना कळत नाही रे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर सोळा वर्षं गावाने काडेपेटीसाठी सुद्धा बेटाच्या उत्तर टोकापर्यंत पायपीट केली. मग सोसायटी निघाली. वर्गणी म्हणून घरटी पाचशे नारळ, महिन्यातला एक दिवस सगळ्यांनी मिळून सोसायटीसाठी खोबरं कापायचं, त्या खोबऱ्यावर तारावाच्या बंदरातून जहाज तांदूळ, पीठ, साखर, रॉकेल आणणार. दुकान सगळ्यांचं. पण किल्ली कुणाकडे? पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. किल्ली घेणाऱ्याच्या मागे सगळे मेहुणे लागणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. तेव्हा मागच्या रांगेतून मारेता म्हणाली, "मला द्या."

पंचांनी मोठ्या शहाणपणाने दारावर पाटी लावली: दुकानात मागणं चालणार नाही. गावाने ती पाटी तंतोतंत पाळली. दुकानात कुणी मागेना. लोक रस्त्यात मागू लागले. चर्चच्या पायरीवर मागू लागले. एकदा तर तिची मावशी कमरेएवढ्या पाण्यात तिच्यामागे चालत गेली आणि म्हणाली, "पोरी, इथे काही पाटी दिसत नाही."

मारेताने तिथेच, पाण्यातच, आपला तोडगा काढला. "मावशे, दुकानाचं मागू नकोस, माझं माग. माझं जे आहे ते तुझंच आहे."

"काय आहे तुझं?"

"चांगलं भांडं आहे. झाकणाचं."

मावशीने भांडं नेलं. असं करत करत एकोणीस वर्षांत तिच्या घरातलं सगळं गेलं. चटया गेल्या, पेटी गेली, शिवणाचं यंत्र गेलं, डुकरं गेली. नवरा तेल वाहणाऱ्या बोटीवर नोकरीला होता, तो दोन वर्षांनी घरी यायचा तेव्हा दारात उभा राहून म्हणायचा, "घर तेच आहे ना?" पण दुकानातली एक काडी कधी मागण्यावर गेली नाही. शेवटी तिच्याकडे एक भांडं, एक चटई, एक म्हातारी कोंबडी आणि बापाची खोवणी एवढं उरलं. खोवणी म्हणजे बसायचा लाकडी घोडा, पुढे लोखंडी पातं. नाउआन त्यावर बसून नारळ खोवायचा. ती मात्र कुणी मागितली नाही.

आता मी सांगतो ते त्या सालचं, ज्या साली नऊ महिने पाऊस आला नाही.

विहिरींचं पाणी मचूळ झालं. डोक्याएवढी व्हायची ती नीरफणसं मुठीएवढी होऊन गळाली. भरतीचा मोठा लोंढा बाबाईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या अळूच्या, खड्ड्यांत शिरला होता, खारं पाणी बसून कंद आतून काळे पडले. नारळ लहान, खोबरं पातळ. मासे होते, देवाची दया, पण ज्यांच्या घरात समुद्रावर जाणारा आणि माडावर चढणारा माणूस होता त्यांना. आणि तशात जहाज तारावाला अडकलं. त्याच्या मागच्या पंख्याचा दांडा मोडला होता. रेडिओवर रोज सांगायचे, पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा यायचा, जहाज नाही यायचं.

दुकानात तांदळाची एकवीस पोती होती.

पंचांनी ठरवलं, दिवसाआड घरटी चार करवंट्या. मारेताने करवंटी एकच ठेवली, काठ घासून गुळगुळीत केलेली, आणि ती भरून वरून पंजा फिरवायची. तिने मनाशी हिशेब केला होता, वीस दिवस निघतील. रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहायची ती नेई रूता. रूता दूरच्या बेटावरची, लग्न होऊन इथे आली, तीनच वर्षांत नवऱ्याची होडी बाहेरच्या समुद्रावरून परत आली नाही. मूलबाळ नाही. आमच्या बेटावर तिचं रक्ताचं कुणी नाही, म्हणजे मागायला कुणी नाही. खोबरं मात्र ती सोसायटीच्या दिवशी पुरुषांच्या बरोबरीने कापायची. तिचा दगड तिच्या नवऱ्याने बसवलेला, मागच्या कोपऱ्यात. तांदूळ पदरात घेताना ती दर वेळी विचारायची, "पुढच्या वेळेला असतील ना, नेई मारेता?"

आणि मारेता दर वेळी म्हणायची, "चार करवंट्या. ये."

वाटप सुरू होऊन चौथा दिवस असेल. ओहोटी होती. मारेता खडकांच्या कड्याआतल्या शांत पाण्याच्या काठाला चिखलात बसून शिंपल्या उकरत होती, मी थोडा पलीकडे जाळं धूत होतो. तिचा धाकटा भाऊ तामारोआ पाण्यातून चालत आला. उमदा माणूस, बोलका, मानेआबात म्हणजे आमच्या गावबैठकीच्या घरात त्यांच्या घराण्याच्या वतीने तोच बोलायचा.

"ताई, नातवाचा पहिला वाढदिवस शनिवारी."

"ठाऊक आहे. माझाही नातूच तो."

"दोनशे माणूस येणार. चार पोती तांदूळ लागतील."

"तांदूळ माझे नाहीत, तामारोआ. माझं काय हवं ते माग."

"तुझं काय राहिलंय? एक कोंबडी. ती पण तुझ्यापेक्षा म्हातारी."

"मग तिला ने. शिजायला वेळ घेईल, तेवढंच."

तामारोआ हसला. मग हसू आवरून तो तिच्यासमोर उकिडवा बसला, पाणी दोघांच्या घोट्यांशी. "पहिला नातू आहे, ताई. व्याही उत्तरेचे. पानावर भात नसला तर जन्मभर सांगत फिरतील. तांदूळ तुझे नाहीत, मान्य. दुकान तुझं नाही, मान्य. ती गळ्यातली दोरी कुणी वळली?"

मारेताचा हात चिखलात होता तसाच राहिला. "मी."

"मग मला ती दोरी दे. आहे तशी. मी मागतोय."

मी जाळं धुवायचं थांबलो होतो. दोरी दिली तर किल्ली गेली. किल्ली गेली तर उरलेली सतरा पोती गेली, चार तामारोआची आणि बाकीची त्याच्या मागून येणाऱ्यांची. आणि नाही म्हटलं तर? सख्ख्या भावाने समोर बसून मागितलेलं बहिणीने नाकारलं, असं आमच्या गावात मी तरी ऐकलेलं नाही.

तिने हात धुतले. सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "देईन. उद्या सकाळी मानेआबात घे. चार माणसांदेखत."

"इथेच दे की."

"माझ्या हाताला चिखल आहे," ती म्हणाली आणि शिंपल्यांची टोपली उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेआबा भरला. आमच्या मानेआबाचं छप्पर कडेला इतकं खाली येतं की राजा असला तरी वाकूनच आत यावं. आत दर घराण्याची जागा बापजाद्यांपासून ठरलेली, पुरुष पुढे, बायका त्यांच्या पाठीशी. मारेता भावाच्या मागे बसली होती. मानेआबात बायका क्वचित बोलतात, आणि बोलायचंच तर भावाच्या तोंडून. तिचं तोंड म्हणजे तामारोआ. हेही सगळ्यांना कळत होतं.

ती उठली. लोकांसमोरून जाताना वाकतात तशी वाकून पुढे आली, गळ्यातली दोरी काढली आणि किल्लीसकट भावाच्या गळ्यात घातली. "माझ्या भावाने मागितलं," ती म्हणाली, "मी दिलं." आणि परत जाऊन बसली. तिच्या गळ्यावर दोरीचा पांढरट वळ दिसत होता, एकोणीस वर्षांचा.

तामारोआने मान ताठ केली. क्षणभर तो फार देखणा दिसला. तेवढ्यात समोरच्या बाजूने त्याची सासू, जिला म्हातारपणामुळे कुणी अडवत नसे, म्हणाली, "जावईबापू, बरं झालं. माझ्या घरात नऊ तोंडं आहेत. दोन पोती मागते मी तुमच्याकडे."

तामारोआ काय म्हणणार? "देतो, आई."

"भाचा," त्याचा मामा खाकरला, "मुलगा आजारी आहे. एक पोतं."

"देतो, मामा."

"दाजी, आम्हाला पण दोन."

"अरे तामारोआ, तुझी होडी मी बांधली होती, आठवतं ना? मी एक मागतो. नाही, दीड."

"पाळकांच्या घरासाठी तीन," म्हातारा बाउरो म्हणाला. "आणि देवाच्या कामाला नाही म्हणू नये."

मागणी अशी उठली जशी भरती खडकावरून आत येते, एका जागेवरून नाही, सगळीकडून. तामारोआ याच्याकडे वळून देतो म्हणेपर्यंत पाठीमागून दुसरा बोलायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. एक विडी ओढून संपायच्या आत माझ्या शेजारी बसलेला उरियाम, ज्याला प्रत्येक गोष्ट बोटांवर मोजायची खोड आहे, मोठ्याने म्हणाला, "एकोणीस झाली! दोन पोती समुद्रातून काढावी लागतील!"

सगळा मानेआबा हसला. तामारोआसुद्धा हसला. आणि मग हसू हळूहळू विरलं, कारण एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं. एकोणीस. आणि त्यात तामारोआची स्वतःची चार अजून धरलेलीच नव्हती.

मागच्या खांबापाशी रूता बसली होती. तिथे पाहुण्यांची जागा. ती कुणाला उद्देशून म्हणाली कळलं नाही, पण शांततेत स्पष्ट ऐकू आलं: "मी काही मागितलं नाही. मला इथे मागायला कुणी नाही. मी आपली चार करवंट्यांवर होते."

कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. मागायचं राहून गेलं असतं तर बरं, अशा चेहऱ्याने मी जमिनीकडे बघत होतो, कारण अर्धं पोतं मीसुद्धा मागितलं होतं.

मग मारेता बोलली. भावाच्या पाठीमागून, उठून उभी न राहता, पण स्वतःच्या तोंडाने.

"मी एकोणीस वर्षं या गावात कुणाकडे काही मागितलं नाही. आहे का कुणी, मी मागितलेलं आठवणारा?"

कुणी नव्हतं.

"आज मागते. तुम्ही सगळे माझे आहात. कुणी काका, कुणी मावशी, कुणी दीर. ज्यांचं माझं नातं नसेल त्यांनी सांगा." ती थांबली. "मला तुमचं मागणं द्या. जहाज दिसेपर्यंत या दुकानातलं कुणी कुणाकडे मागू नये. मी ते मागणं मागते. आज बोललात ते आणि उद्या बोलणार होतात तेही."

आता सांगा, काय करायचं? मागितलेलं द्यायचं, हीच तर आमची चाल. त्याच चालीने आम्ही सकाळपासून एकोणीस पोती उचलली होती.

सगळे म्हाताऱ्या बाउरोकडे बघू लागले. त्याची हनुवटी हलत होती, तो चिडलाय की हसतोय ते कळेना. शेवटी म्हणाला, "नाउआनची पोर तू. तुझ्या बापाकडून मी गळ नेला होता. गळ आणि पिठाचं अर्धं पोतं." त्याने तळवे पुढे केले, रिकामे. "घे बाई. माझं मागणं घे. पाळकांना मी समजावीन."

मग त्याच्या शेजारचा. मग सासू, तोंड वाकडं करून, "घ्या, घ्या, नऊ तोंडांना काय, मासे खातील." मग मामा. असं जागोजाग फिरत ते माझ्यापाशी आलं, मीही तळवे पुढे केले. सगळ्यांत शेवटी तामारोआ राहिला. त्याने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. डोळे लाल.

"सगळ्यांसमोर माझं हसं केलंस, ताई."

"मी तू मागितलंस ते दिलं."

"आणि माझ्या नातवाचं काय?"

"चार करवंट्या. आणि माझी कोंबडी."

त्याने दोरी काढली. बहिणीच्या गळ्यात घातली नाही, तिच्या मांडीवर ठेवली. पण ठेवली.

वाढदिवस शनिवारी झाला. दोनशे नाही, साठसत्तर माणसं आली. मासे होते, खेकडे होते, तेवढ्या चार करवंट्यांचा भात मुलाच्या पानावर डोंगरासारखा रचला होता आणि व्याह्यांना त्यातला एकेक घास दिला. उत्तरेचे लोक अजून त्यावरून बोलतात. कोंबडी खरंच शिजली नाही.

मी नंतर मारेताला विचारलं, "तुला आधीच ठाऊक होतं का, असं होणार ते?" ती म्हणाली, "छे! मला एवढंच कळत होतं की द्यावं लागणार. हा उठून सरळ दुकानाकडे चालू लागला असता तर? त्याच्या सासूबाईंनी वाचवलं."

जहाज वीस दिवसांत आलं नाही. पंधराव्या दिवसापासून तिने तीन करवंट्या केल्या, मग दोन. कुणी कुरकुरलं तर ती फक्त करवंटी उचलून दाखवायची. पण त्या दिवसांत दुसरंच एक झालं, जे तिने मागितलं नव्हतं. गाव दिलेलं मागणं इतकं कसोशीने पाळू लागलं की कुणी तिच्याकडे काहीच मागेना. चुलीला निखारा सुद्धा नाही. मावशी तिच्या घरावरून पलीकडच्या घरी सुई मागायला जायची. पोरं तिच्या अंगणातली पडलेली नारळाची झावळी ओलांडून जायची, न्यायची नाहीत. ज्याच्याकडे कुणी मागत नाही तो माणूस आमच्याकडे पाहुण्यासारखा होतो. ती संध्याकाळी उंबऱ्यावर बसून राहायची आणि आतलं पाणी तांबडं होताना बघायची. मी एकदा मुद्दाम म्हणालो, "मारेता, चुना आहे का थोडा?" ती म्हणाली, "जहाज दिसलंय का?" मी म्हटलं, "नाही." "मग मागू नकोस," ती म्हणाली. "एकदा दोरी सैल झाली की झाली." पण तिचा हात चुन्याच्या डबीवर गेला होता, मी पाहिलं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी माडावर चढलेल्या उरियामने वरूनच हाळी दिली. खडकापलीकडे धूर दिसत होता. दुकानात तेव्हा अर्ध्याहून कमी पोतं उरलं होतं, पण उरलं होतं, आणि एकेचाळीस घरांपैकी एकही घर रांगेतून रिकाम्या हाताने गेलं नव्हतं. सगळं गाव किनाऱ्याकडे धावलं. मारेता धावली नाही. पोती आत घ्यायला जागा करायला हवी होती, ती फळ्या पुसत होती.

तेव्हा रूता आली. उंबऱ्यापाशी थांबली. पाटीकडे पाहिलं, मग दोन पावलं मागे, रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"नेई मारेता, जहाज दिसलं."

"ऐकलं मी."

"म्हणजे आता मागता येतं ना?"

मारेता बाहेर आली. रूताने उभ्या जन्मात इथे कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शब्द कसे लावायचे तेही तिला नीट येत नव्हतं. "मी शिंपल्याच्या काठाने नारळ खरवडते," ती म्हणाली. "बोटं कापतात. तुझी ती... तुझ्या बापाची खोवणी. मी मागते. ताई."

मारेता घरात गेली आणि तो जुना लाकडी घोडा डोक्यावर घेऊन आली. नाउआनच्या बसण्याने त्याची पाठ गुळगुळीत झालेली. तिने तो रूताच्या डोक्यावर ठेवला, नीट तोललाय ना बघितलं, आणि म्हणाली, "पातं बोथट झालंय. संध्याकाळी येते, घासून देते. माझाही नारळ तिथेच खोवीन, माझ्याकडे आता खोवणी कुठे आहे?"

किनाऱ्याकडून लोकांचा गलका येत होता. तिने गळ्यातली किल्ली चाचपली आणि फळ्या पुसायला परत आत गेली.